नस कटली म्हणजे नेमकं काय कटलं?

हाताला काही लागलं की आमच्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न येतो, ‘नस तो नहीं कटी ना?’ शेजारची मराठी घरं विचारतात, ‘शीर तर नाही ना तुटली?’ प्रश्न काळजीचाच असतो. पण मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे एकच शब्द किती जागी वापरला जातो याकडे लक्ष जातंच. इंजेक्शन देताना सिस्टरला ‘नस सापडत नाही’, तेव्हा ती रक्ताची नस असते. ‘कमर की नस दब गई’ म्हणतो, तेव्हा ती संवेदनेची, म्हणजे मज्जातंतू. आणि मूठ आवळल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूला जी दोरीसारखी उठून दिसते, तिलाही आपण नसच म्हणतो. ही तिसरी वस्तू. तिच्यातून रक्तही जात नाही आणि संवेदनाही जात नाही. स्नायूला हाडाशी जोडणारी ती दोरी आहे. मराठी पुस्तकात तिला कंडरा म्हणतात, युनानी हकीम वतर म्हणत आले, दवाखान्यात टेंडन म्हणतात.

एका शब्दात तीन वस्तू कोंबल्या म्हणून रोजच्या बोलण्यात काही अडत नाही. बोट कापलं की मात्र अडतं. कसं, ते मला माझ्या भाचीकडून कळलं.

भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. मला फुप्पी म्हणते. ती नागपूरला ऑक्युपेशनल थेरपी शिकते आणि पुढे तिला हॅण्ड थेरपिस्ट व्हायचं आहे. घरात कुणी हे नाव ऐकलेलं नव्हतं. नातेवाईक विचारायचे, ‘डॉक्टर बनेगी के नर्स?’ तिने उत्तर ठरवून टाकलं होतं : ‘डॉक्टर उंगली जोड़ते. उसको वापस काम पे लगाना हमारा काम.’

खरं तर ही विद्या आपल्या राज्यात नवी नाही. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. त्या जन्माने अमेरिकन, निंबकरांच्या घरात लग्न होऊन इथल्याच झाल्या. पुढे नागपूरलाही हे शिक्षण सुरू झालं. विदर्भात कित्येक दशकं हे शिकवलं जातंय आणि बुलढाणा जिल्ह्यात मात्र नाव सांगितलं की लोक पुन्हा विचारतात, ‘काय थेरपी?’

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत ती घरी आली ती हाडांची नावं पाठ करतच. एका हाताची हाडं २७. मनगटात ८, तळहातात ५, बोटांत १४. चार बोटांना तीन-तीन पेरं आणि अंगठ्याला दोन. दोन्ही हातांची पेरं मिळून २८. मी म्हटलं, अरबीचे हुरूफही २८, आता विसरायची नाहीस. आमची अम्मी नमाजनंतर तस्बीह पेरांवरच मोजते. तीच पेरं मोजून नात परीक्षेला बसणार होती.

हाडं पुस्तकातून पाठ होतात, पण हालचाल पाहायला जिवंत हात लागतो. तो मी दिला. दुपारी जेवणं झाली की ती निळं पेन घेऊन बसायची आणि माझ्या हातावर रेघा काढायची. तिच्याबरोबर मीही शिकत गेले. वाचणाऱ्याने आपला हात समोर धरला तर पुढचं सोपं जाईल.

तळहाताकडून पाहिलं तर बोट जिथे सुटं होतं तिथेच ते सुरू होतं असं वाटतं. आता मूठ आवळून मागून पाहा. जे हाड वर येतं, तिथे बोटाचं मूळ आहे. पुढून ती जागा तळहातावरच्या वरच्या आडव्या रेषेजवळ येते. म्हणजे पहिल्या पेराचा बराचसा भाग तळहातातच लपलेला असतो. तळहाताला जखम झाली आणि ‘बोटाला काही नाही झालं’ असं कुणी म्हणालं, तर ही रेषा आठवावी.

दुसरी गोष्ट मला जास्त नवलाची वाटली. बोट हलवणारा एकही स्नायू बोटात नसतो. उजव्या हाताने डाव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि डावी बोटं हार्मोनियमवर फिरवल्यासारखी हलवा. वळवळ तुमच्या उजव्या हाताखाली जाणवेल. बोटं वाकवणारे मोठे स्नायू तिथे वर राहतात. काही छोटे तळहातात असतात. बोटात येतात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा. पहिलीच्या मुलांना पानभर लिहायला दिलं की एखादं पोर कोपराखाली दाबत म्हणतं, ‘मॅडम, हाथ दुख रहा.’ पेन्सिल बोटांत आणि दुखणं वर का, याचं उत्तर त्या दुपारी मिळालं.

आता वाकवणाऱ्या दोऱ्या. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला अशा दोन दोऱ्या आहेत, एक वरच्या थरातली आणि एक खोल. वरची मधल्या पेरावर संपते. खोल असलेली थेट टोकाच्या पेरापर्यंत जाते. मग खालची दोरी वरचीला ओलांडून पुढे कशी जाते? वरची दोरी शेवटाकडे दुभंगते आणि तिच्या दोन फाट्यांमधून खालची पुढे निघते. हे पाठ करताना भाची दरवेळी थांबायची. ‘फुप्पी, ये किसने सोचा होगा!’ आतून अम्मी म्हणायची, ‘जिसने बनाया उसने.’

या दोऱ्या हाडाला धरून राहाव्यात म्हणून त्यांच्यावर जागोजागी मजबूत कडी असतात. पुस्तकात त्यांना पुली म्हणतात. ही कडी नसती तर बोट वाकवताना दोरी धनुष्याच्या दोरीसारखी कातडीखाली ताठ उभी राहिली असती. दोरीभोवती ओलसर आवरण असतं, त्यात ती मागे-पुढे सरकते. भाची हे सगळं इंग्रजीत समजावत होती. अम्मीने आयुष्यभर सलवारी शिवल्या. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, ‘मतलब नेफा और नाड़ा?’

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. नेफ्यातून नाडा सरकला पाहिजे, इतकंच तर आहे. नेफा शिवताना सुई नाड्यातून गेली की नाडा नेफ्याला धरला जातो आणि मग कितीही ओढा, हलत नाही. बोटाच्या जखमेनंतर नेमकं हेच होतं. तुटलेली दोरी सर्जन शिवतात. पण शरीर जखम भरताना दोरी, आवरण, कातडी सगळंच एकमेकांना चिकटवून टाकतं. दोरी जुळलेली असते, पण सरकत नाही, म्हणून बोट वाकत नाही.

तळहाताच्या वरच्या रेषेपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा पट्टा यासाठी बदनाम आहे, कारण तिथे दोन्ही दोऱ्या एकाच अरुंद नेफ्यात असतात. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन सर्जननी त्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं, जिथे कुणी पाऊल ठेवू नये अशी जागा. तिथली कंडरा लगेच शिवू नका, जखम भरू द्या आणि नंतर दुसरीकडची कंडरा आणून लावा, असा त्या काळचा सल्ला होता. १९६० च्या दशकात हॅरल्ड क्लाइनर्ट आणि इतर सर्जननी दाखवलं की तिथेही लगेच जोडता येतं. मात्र एक अट होती. जोडल्यावर ते बोट ठरलेल्या मर्यादेत, रोज, थोडं थोडं हलत राहिलं पाहिजे. फार हलवलं तर टाका तुटतो आणि अजिबात हलवलं नाही तर नाडा नेफ्याला चिकटतो. या दोन्हींच्या मधली वाट रुग्णाला रोज दाखवणारं माणूस म्हणजे हॅण्ड थेरपिस्ट.

आपल्या देशात हे काम कुष्ठरोग्यांच्या हातांवर आधीपासून झालेलं आहे. तमिळनाडूच्या डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४० च्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगाने मज्जातंतू बधिर झाले की बोटं पंजासारखी आखडतात. ब्रँड यांनी चांगल्या स्नायूची कंडरा वळवून त्या बोटांना जोडायला सुरुवात केली. पण जी दोरी आजवर दुसरंच काम करत होती, तिला आता बोट उघडायचं आहे हे रुग्णाच्या मेंदूला नव्याने शिकावं लागे. त्यासाठी आठवड्यांचा सराव लागे. शिक्षिका म्हणून मला हे पटकन कळतं. नुसतं पुस्तक हातात दिलं म्हणजे मूल वाचायला लागत नाही.

हे सगळं आमच्यासाठी सुट्टीतल्या गप्पाच राहिलं असतं. पण भाचीच्या दुसऱ्या वर्षी सोयाबीनच्या काढणीत माझ्या भावाचा हात कापला.

ज्यांनी सोयाबीन कापलंय त्यांना सांगायला नको. डाव्या हातात झाडांची मूठ, उजव्या हातात विळा. विळा सटकला की डाव्या हाताची बोटं आतल्या बाजूने कापतात. भावाची अनामिका मधल्या सांध्याच्या रेषेवरच कापली. जवळच्या एका दवाखान्यात टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. ‘नस नहीं कटी,’ असं सांगण्यात आलं. रक्ताच्या अर्थाने ते खरंही होतं. रक्त थांबलं होतं, बोट गुलाबी होतं, स्पर्श कळत होता. भाऊ म्हणाला, ‘बाजी, टाँके सूख गए के फिर खेत में.’

नवव्या दिवशी भाची घरी आली. तिने वडिलांचा हात उताणा करून उशीवर ठेवला आणि काही न करता नुसता पाहिला. सैल सोडलेल्या हाताची बोटं आपोआप थोडी थोडी वाकलेली असतात, तर्जनीपासून करंगळीकडे जरा जास्त जास्त. ती रांग एका जागी मोडली होती. अनामिकेचं टोक सरळ पडलं होतं. मग तिने मधलं पेर हलकेच धरून ठेवलं आणि म्हणाली, ‘अब्बू, सिर्फ नोक मोड़ो. ज़ोर मत लगाओ.’ टोक हललं नाही. तिने बाकीची तीन बोटं सरळ धरली आणि अनामिका वाकवायला सांगितली. मधला सांधा वाकला.

वरची दोरी शाबूत होती, खोल असलेली तुटली होती. मधल्या सांध्यात बोट वाकत होतं, म्हणून पट्टीच्या आतली उणीव कुणाच्या लक्षात आली नव्हती. भाची उठून स्वयंपाकघरात गेली, तिथे थोडं रडली, मग तिच्या प्राध्यापिकेला फोन केला. उत्तर आलं, लगेच आणा. दिवस जातात तशी तुटलेली दोरी हाताच्या आत वर खेचली जाते, तिचा स्नायू आखडतो आणि काही आठवड्यांनी दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत.

आमच्याकडून अकोला, औरंगाबाद किंवा नागपूर, कुठेही जायचं म्हणजे ऐन काढणीत घरचा माणूस आणि मजुरी दोन्ही जातात. भाऊ कुरकुरला. एका बोटाच्या टोकासाठी एवढा खर्च? अम्मीने त्याला मोटरसायकलचा क्लच कोणत्या हाताने धरतोस ते विचारलं. दुसऱ्या दिवशी ते निघाले. अकराव्या दिवशी ऑपरेशन झालं.

त्यानंतरचे तीन महिने जास्त अवघड होते. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यापासून थेरपिस्टने हाताच्या मागून बसणारी स्प्लिंट बनवली. तिच्यात बोटं थोडी वाकलेलीच राहतात, मागे ताणली जात नाहीत. सहा आठवडे ती काढायची नाही. दर तासाला उजव्या हाताने अनामिका हळूच वाकवायची, मग स्प्लिंटला टेकेपर्यंत उघडायची. ठरवून दिले तेवढ्याच वेळा, जास्त नाही. पहिले काही आठवडे टाका कच्चा असतो. बारा आठवड्यांपर्यंत वजन उचलायचं नाही. थेरपिस्ट दर आठवड्याला मोजपट्टी लावून कोन मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. त्या वहीची पानं मला वर्गातल्या हजेरीपटासारखी वाटायची.

एक प्रश्न थेरपिस्टच्या कागदावर नव्हता आणि तो आमच्या घरी पहिल्याच दिवशी उभा राहिला. वुजूचं काय? भाऊ पाच वेळा स्प्लिंट काढायला निघाला होता. भाचीचा चेहरा पांढरा पडला. आम्ही मशिदीतल्या इमाम साहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं की जखमेवरची पट्टी किंवा तुटलेल्या हाडाची खपाची काढल्याने नुकसान होणार असेल, तर ती न काढता तिच्यावरून ओला हात फिरवावा, मसह करावा. फिकहमध्ये ही मुभा आधीपासून आहे. सजद्याचंही तसंच. तळहात जमिनीवर टेकवून भार दिला तर मनगट आणि बोटं मागे ताणली जातात, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. भावाने ते आठवडे खुर्चीवर बसून, इशाऱ्याने नमाज पढली. भाचीने हे तिच्या वहीत लिहून ठेवलं. तिच्या वर्गात कुणाला हे माहीत नव्हतं, आता आहे. मुसलमान रुग्ण स्प्लिंट का काढतो हे थेरपिस्टला कळलं पाहिजे, आणि काढायची गरज नाही हे रुग्णाला.

तिच्या त्या वहीबद्दल थोडं सांगते. ती म्हणते, रुग्णाला ‘टेंडन ग्लायडिंग करा’ म्हटलं की तो मान हलवतो आणि घरी जाऊन रबरी चेंडू दाबत बसतो, कारण हाताचा व्यायाम म्हणजे चेंडू दाबणं हेच त्याने ऐकलेलं असतं. ताज्या टाक्यावर चेंडू दाबणं म्हणजे टाका तोडणंच. म्हणून आम्ही दोघींनी मिळून वहीत चार रकाने आखले : इंग्रजी, मराठी, उर्दू, आणि चौथा अम्मीचा. टेंडन, कंडरा, वतर, नाडा. नर्व्ह, मज्जातंतू, असब, बिजलीचा तार. रक्तवाहिनीपुढे चौथ्या रकान्यात ठिबकची नळी आहे. दोन हाडं बांधणाऱ्या पट्टीला मराठीत अस्थिबंध, उर्दूत रिबात. तिथे अम्मीने बराच विचार करून सांगितलं, ‘पलंग की निवाड़.’

उर्दूचे शब्द मला नव्याने बनवावे लागले नाहीत. शरीररचनेला उर्दूत तश्रीह म्हणतात आणि तिची परिभाषा इब्न सीनाच्या काळापासून अरबीतून आलेली आहे. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, तिथे वैद्यकशास्त्रही उर्दूतून शिकवलं जात होतं. आमच्या जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेला मराठवाडा तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. मराठीतही कंडरा, स्नायू, अस्थिबंध हे शब्द शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत आहेत. शब्द दोन्ही भाषांकडे आहेत. शाळेतून बाहेर पडताना ते आपण पुस्तकातच ठेवून येतो आणि दवाखान्यात एकटा ‘नस’ घेऊन जातो.

म्हणून या वर्षी मी सातवीच्या वर्गात एक तास यासाठी काढला. पुठ्ठ्याचा हात कापला, बोटांवर शीतपेयाच्या नळीचे तुकडे चिकटवले, त्यातून सुतळी ओवली. सुतळी ओढली की बोट वाकतं. नळीत फेविकॉल टाकून वाळवला की वाकत नाही. मुलांना एवढं पुरलं. त्यांची घरं शेतीची आहेत, काहींचे वडील खामगावच्या जिनिंगमध्ये जातात, काहींच्या घरी कडबा कुट्टी आहे. ज्ञान कामाला यायला त्यांना मोठं होण्याची वाट पाहावी लागणार नाही.

त्यांना शिकवलं तेच इथे लिहिते. बोट किंवा तळहात कापला तर ‘नस कटली का’ असं एकदाच विचारू नका, तीनदा विचारा. रक्त : दाबून धरल्यावर थांबतंय का, टोक गुलाबी आहे का? संवेदना : डोळे मिटून बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श केलेला कळतोय का? प्रत्येक बोटात दोन्ही कडांनी वेगवेगळा मज्जातंतू जातो, म्हणून दोन्ही कडा तपासायच्या. हालचाल : बोटाचं फक्त टोक वाकतंय का, आणि सरळ होतंय का? जोर लावू नका, ओढून पाहू नका. या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर चुकीचं आलं, तर टाके पडले असले तरी हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे लवकरात लवकर जा. आणि ऑपरेशननंतर ‘थेरपी कुठे आणि कधीपासून?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय तिथून उठू नका.

भावाचं बोट पूर्ववत झालेलं नाही. मूठ आवळली की अनामिकेचं टोक तळहातापासून एक बोटभर दूर राहतं. थंडीत ते आखडतं. पण क्लच धरता येतो, म्हशीची धार काढता येते. या हंगामात तो डाव्या हातात जाड हातमोजा घालून सोयाबीन कापत होता. शेजारच्या शेतात एका मजूर बाईच्या बोटाला विळा लागला तेव्हा लोक चुना आणि हळद शोधत होते. भाऊ तिथे गेला, पाण्याने जखम धुतली, स्वच्छ फडकं दाबून धरलं आणि रक्त थांबल्यावर तिला म्हणाला, ‘मावशी, बोटाचं फक्त टोक वाकवून दाखवा बरं.’